पाय टेकला नाही

१२ जानेवारी १९६४, रनाळे
नानाशी पुन्हा भांडण. सकाळी ओट्यावर सायकलच्या चेनला तेल घालत बसलो होतो, थोरला भाऊ शेतातून आला तो तापूनच. कपाशीची शेवटची वेचणी, मजूर मिळत नाहीत, आणि मी हा असा. म्हणाला, "घाणाले जुपेल बैलबी गोलच फिरस, पन तठे तेल तरी निंघस. तुन्हं काय निंघस रे लोटन?"
वहिनी पदराआड हसली. मलाही हसू आलं असतं, पण राग जास्त आला. नऊ वर्षं मी याच गोल फिरण्यावर जगतो. सात-सात दिवस सायकलवरून उतरत नाही. जेवण, अंघोळ, दाढी सगळं वर. धुळ्याला जवानांसाठी फिरलो तेव्हा पेपरातलं कात्रण खिशात घालून गावभर कोण हिंडत होतं? हाच नाना. आता म्हसावदच्या नर्सबाईला सायकल मिळावी म्हणून फिरणार म्हटल्यावर तोंड वाकडं. "बाईमाणूससाठे?"
हो. बाईमाणसासाठीच. परवा निघतो.

१५ जानेवारी, म्हसावद
पोचलो. भिकाकाका (इथून पुढे भि.) कालच लाऊडस्पीकर घेऊन आले आहेत. माझा आवाज म्हणजे तेच. मी फिरतो, ते बोलतात.
हेडमास्तरांनी शाळेचं मैदान दिलं. कडेचा लिंब तसाच आहे. त्याच्याकडे बघवेना.
गेल्या वर्षी इथेच फिरलो, तेव्हा काय झालं ते या वहीत लिहिलंच नव्हतं. आज लिहून टाकतो. चौथा दिवस होता. डोंगराकडच्या पाड्यावरून चार माणसं एका बाईला बांबूच्या झोळीत घालून घेऊन आली, पोट आलेलं. दवाखान्याला कुलूप, कारण नर्सबाई तीन कोसांवर दुसऱ्या बाळंतपणाला पायी गेलेल्या. माणसांनी झोळी लिंबाखाली ठेवली. एक जण बाईंना आणायला पळत गेला. पळत! अख्ख्या म्हसावदात सगळ्यात वेगाने जाणारी वस्तू त्याच्या डोळ्यांसमोर होती, आणि ती मैदानात गोल फिरत होती. मी उतरलो नाही. ज्यांच्याकडे हा खेळ शिकलो ते उस्ताद सुरतला सांगायचे, "पाँव टेका तो खेल खतम, फिर मेरा नाम मत लेना." दर फेरीला लिंब यायचा. दर फेरीला ती बाई दिसायची. मग एका फेरीला तिच्या तोंडावर धोतर टाकलेलं दिसलं.
लोकांनी तेव्हाही टाळ्या वाजवल्या. त्या मला होत्या.
त्या दिवशीच्या पानावर नेहमीप्रमाणे एवढंच आहे: पा. टे. नाही. म्हणजे पाय टेकला नाही. फिरतीच्या रोज शेवटी मी तेवढं लिहितो, उस्तादांची शिस्त. ते पान फाडलं नाही. असू दे.

१७ जानेवारी
जिनवाल्या शेठकडे गेलो. गावात देणारे तेच. सरकी-कापसाच्या गोडाऊनमध्ये बसले होते. वर बघितलं तर आढ्याला एक लेडीज सायकल टांगलेली, कापसाच्या धुळीने पांढरी झालेली. म्हणाले, सुनेने माहेराहून, सुरतेहून आणली. "आता अठे कोण चालाडी भाई? टांगी दिधी."
बोलणं झालं. सात दिवस पूर्ण, पाय टेकायचा नाही, तर शेठ दवाखान्याला दोन नव्या लेडीज सायकली देणार. एक बाईंना, एक पुढे येणाऱ्या नर्सला. हँडबिलावर तसंच छापून घेतलं त्यांनी. छापलेलं असलं की शेठना बरं वाटतं.
मलाही बरं वाटलं. सात दिवस म्हणजे माझं रोजचं काम.

१८ जानेवारी
नर्सबाईंना सांगायला गेलो. कुसुमबाई, अमळनेरकडच्या, माझ्याच वयाच्या. नवरा नाही. सुया उकळत होत्या. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "लोटनभाऊ, सायकल मिळेल हो. पण मला चालवता येत नाही, हे कोणी विचारलं का?"
नव्हतं विचारलं. नऊ वर्षांत मला कधी वाटलंच नाही की जगात कोणाला सायकल येत नसेल.
"शिकवाल?"
म्हटलं, उद्यापासून. शाळा भरायच्या आधी.

२० जानेवारी
माझीच सायकल, दांडीवाली. सीट खाली घेतली. ताई (आता ताईच म्हणतो) आईचं जुनं नऊवारी नेसून आल्या, कासोटा घट्ट मारलेला. झेंड्याच्या ओट्यावर उभं राहून बसायचं, मी हँडल धरून पळायचं. चार वेळा पडल्या. पाचव्यांदा मी पडलो.
भिंतीवर माणसं बसलेली. एक म्हातारा मोठ्याने, "माय वं, सरकारनी बाई आन् दांडीवर टांग टाकस!"
ताई तिथूनच, "आजोबा, तुमचा नातू कोणी काढला? तेव्हा नाही लाजलात!"
भिंत थोडी रिकामी झाली.

२९ जानेवारी
अकरा फेऱ्या! मी हात न लावता. डावीकडून गोल, माझ्यासारख्याच. पाठ ताठ, नजर पुढे. उस्तादांनी बघितलं असतं तर म्हणाले असते, ये लडकी चलेगी. फेऱ्या झाल्या की मी ओट्यापाशी हँडल धरतो, त्या ओट्यावर उतरतात. शिकवणं संपलं असं मी जाहीर केलं. ताईंनी गूळ-शेंगदाणे दिले.
गावात कुजबूज आहे. नर्सबाईबद्दल, माझ्याबद्दल. भि. म्हणतात, लाऊडस्पीकरवरून उत्तर देऊ का. म्हटलं नको. सायकलच उत्तर देईल.

३ फेब्रुवारी, सोमवार
सकाळी आठला सुरू. शेठनी नारळ फोडला. बायांनी ओवाळलं. हँडलवर पाटी बांधून तिच्यावर वही ठेवली आहे, पेन्सिलीने लिहितो आहे, अक्षर वळवळतं.
भि. ओरडतात, "सात दिन सायकल! आपला खान्देशना लोटन पाटील! नर्सबाईनी सायकलसाठे!"
पा. टे. नाही.

५ फेब्रुवारी
दुपारी ऊन. चालत्या सायकलवर भि.नी डोक्यावर दोन कळश्या ओतल्या. कळण्याची भाकरी, लसणाचा ठेचा, डाव्या हाताने. शाळेची मुलं पाढे म्हणताना माझ्या फेऱ्या मोजतात, मास्तर चिडले.
शेठची सून आज बायांच्या घोळक्यात होती. डोक्यावरून पदर, पण नजर चाकांवर. इतर बाया माझ्याकडे बघतात, ही चेनकडे बघत होती.
पा. टे. नाही.

७ फेब्रुवारी
मान गेली. बोटं सुजली. लिंब येतो, जातो. त्याच्याखाली आज शेंगावाला बसला होता, बरं वाटलं.
नाना आला! रनाळ्याहून, एस.टी.ने. मैदानाच्या कडेला उभा राहिला. तीन फेऱ्यांनंतर भि.च्या हातात डबा देऊन गेला. वहिनीच्या हातची शेवभाजी. बैलाला पेंड आली, असं ओरडलो मागून. वळून बघितलं नाही त्याने, पण खांदे हलले.
पा. टे. नाही.

९ फेब्रुवारी, रविवार
पा. टे.

आधी ते लिहिलं. आता बाकीचं लिहितो. ओट्यावर बसून, पाय पुढे पसरून. अक्षर तरी सरळ येतंय.
सातवा दिवस. उद्या सकाळी आठला सुटायचं होतं. दहाच्या सुमाराला डोंगराखालच्या पाड्यावरून एक पावरा आदिवासी माणूस धावत आला. बायको अडली आहे, आधी पाय दिसताहेत. दोन कोस. ताई दवाखान्यातून पिशवी घेऊन निघाल्या, मैदानाच्या कडेने, पायी, झपझप. त्यांनी माझ्याकडे मागितलं नाही. हे मी मुद्दाम लिहितो, कारण आत्ता गावात वेगळंच बोलताहेत. एक शब्द मागितला नाही. उलट बघणंच टाळलं.
मी लिंबापाशी होतो. त्याच लिंबापाशी.
ब्रेक दाबला. डावा पाय खाली ठेवला. मैदान असं गप्प झालं की भि.च्या भोंग्याची घरघर ऐकू आली. ओरडलो, "ताई! ही घ्या!"
क्षणभर थबकल्या. "लोटनभाऊ, उद्या सकाळपर्यंतच तर..."
"बसा म्हणतो ना!"
पदर खोचला, ओट्यावर चढल्या, पिशवी हँडलला अडकवली आणि गेल्या. पाड्याचा रस्ता फाटकातून डावीकडे. सुंदर वळल्या. तो माणूस मागे धावत सुटला. मी छाती फुगवून बघत होतो, आणि मग लक्षात आलं.
मी त्यांना उतरायला शिकवलंच नव्हतं.
अकरा दिवस शिकवलं. चढणं, तोल, वळण, पाठ. थांबणं नाही, उतरणं नाही. मी कधी उतरतच नाही तर मला आठवणार कसं? आणि उजवीकडे वळणंही नाही.
मागे पळायला गेलो आणि तोंडावर पडलो. सहा दिवसांचे पाय, जमीन पाण्यासारखी हलत होती. लोक हसले. कोणीतरी म्हणालं, "सायकलवीर चालता भूलना." भि. एकटेच रडत होते, भोंगा चालू ठेवूनच.

१० फेब्रुवारी
ताई काल संध्याकाळी परत आल्या. सायकल हातात धरून, चालत. कोपर सोललेलं, केसांत कडब्याची पानं. आधी मला लिंबाखाली बसवून म्हणाल्या, "बाई बरी आहे. पोरगी झाली. पायाळू."
मग सुटल्या. "तुम्ही माणूस आहात की कोण? पाडा आला, थांबायचं कसं तेच माहीत नाही! त्या घराभोवती गोल फिरायला लागले. डावीकडून. ओरडतेय, धरा मला, धरा! आणि ती माणसं टाळ्या वाजवतात! बाजारात तुमचा खेळ बघितलेला ना त्यांनी. त्यांना वाटलं मीही खेळच आणला. आत बाई विव्हळतेय आणि बाहेर टाळ्या! चौथ्या फेरीला डोळे मिटले आणि कडब्याच्या गंजीत घातली."
मी हात जोडले. दुसरं काय करणार. त्या रागावलेल्याच होत्या, आणि एकदम हसायला लागल्या. मग मीही. टाळ्यांचं ऐकून मात्र माझं हसू मधेच तुटलं. गेल्या वर्षीच्या टाळ्या आठवल्या.
विचारलं, पायी गेला असतात तर?
पिशवी आवरत होत्या. म्हणाल्या, "विचारू नका."
म्हणजे मी चुकलो नाही. हे मी मोठ्या अक्षरात लिहितो आहे. मी चुकलो नाही.

११ फेब्रुवारी
शेठचा निरोप. सायकली मिळणार नाहीत. हँडबिलावर सात दिवस छापलं आहे.
आणि दुसरं. गावातल्या काही "प्रतिष्ठितांनी" वरच्या ऑफिसात अर्ज धाडला आहे. नर्सबाई कासोटा मारून पुरुषी सायकलवर फिरते, परपुरुषाकडून शिकते, शोभत नाही. चौकशीला साहेब येणार. त्या प्रतिष्ठितांपैकी दोघांची नातवंडं ताईंनीच काढलेली आहेत. खाल्ल्या मिठाला जागणं यांना ठाऊक नाही.
भि. म्हणतात, चल, इथून निघू, चाळीसगावचं बोलावणं आहे. पाय टेकल्याची बातमी पुढच्या गावी पोचायच्या आत जाऊ.
पोचू दे. मी जात नाही.
ताईंना म्हटलं, माझी सायकल तुमच्याकडेच ठेवा, हीच दवाखान्याची. म्हणाल्या, "आणि तुम्ही?" म्हटलं, बघू. "चौकशीत मला काढलं तर?" म्हटलं, तर सायकलवरून जा घरी.
"चौकशीलाच सायकलवरून जाणार आहे मी," म्हणाल्या.

१२ फेब्रुवारी
शेठच्या ओट्यावर बैठक. दहा-बारा माणसं, पान-सुपारी. मी उभाच राहिलो.
शेठ माणूस वाईट नाही. फक्त छापलेल्यापलीकडे त्यांना दिसत नाही. म्हणाले, "लोटन, मन्हा शब्द मन्हा शब्द शे. तू पाय टेका. मी काय करू? आते परत सात दिन फिर, पुरा कर, दोन सायकली देस. आज देस शब्द, सगळासना देखत."
कोणीतरी खुसखुसलं. सगळ्यांना ठाऊक की मी परत फिरू शकत नाही.
म्हटलं, "फिरसू. पन मन्ही सायकल ड्युटीवर शे."
"मंग कशावर फिरशी?"
"तुमना गोडाऊनमा टांगेल शे ना, तिन्हावर."
हशा. पुरुषमाणूस, पैलवानासारखा, लेडीज सायकलवर सात दिवस! एक जण म्हणाला, मग बांगड्याबी भर. म्हटलं, आणा, हात पुढे केला आहे. माझा आवाज चढला होता. म्हटलं, बाई पुरुषाच्या सायकलवर बसली तर अर्ज जातो, आता पुरुष बाईच्या सायकलवर बसतो आहे, लिहा त्याच्यावरही अर्ज, सही मी करतो.
शेठ पान चघळत होते, हो नाही, ना नाही. तेवढ्यात आतल्या दारात बांगड्या वाजल्या. सून. पदर पुढे ओढलेला, आवाज बारीक पण स्पष्ट.
"बापूजी, चेनले तेल लागी. आन् मागली ट्यूब बदलनी पडी."
शेठ दाराकडे बघत राहिले. मग गड्याला म्हणाले, शिडी लाव.

१४ फेब्रुवारी
सकाळभर ताई फक्त उतरत होत्या. ब्रेक, वेग कमी, पुढे सरकणं, डावा पाय खाली. पंचवीस वेळा तरी. मी करून दाखवायला गेलो तर मलाच नीट येईना! सातव्या दिवशी लोक मला हार घालून खांद्यावरच उचलून घेतात, उतरण्याचा प्रसंगच नसतो. दोघांनी मिळून शिकलो म्हणायला हरकत नाही.
मग उजवं वळण. ते त्यांना माझ्याआधी जमलं.

१६ फेब्रुवारी, रविवार
आठला सुरू. नारळ कोणी फोडला नाही, भि.नीच फोडला. ओवाळायलाही कोणी नाही. लेडीज सायकल, पुढे जाळीची टोपली, चाकाला सुरतेचे रंगीत गोंडे. गोंडे काढा म्हणाले भि. म्हटलं राहू देत.
दुपारपर्यंत शिट्ट्या, "लोटनबाई, लोटनबाई". संध्याकाळी शिट्ट्या कमी झाल्या, ओरडून ओरडून तेही थकतात. मी थकत नाही, माझा धंदाच तो आहे.
या वेळी उजवीकडून फिरतो आहे. मान दुसऱ्या बाजूने दुखते, तेवढाच बदल.
पा. टे. नाही.

१७ फेब्रुवारी
शेठची सून आली, आज पुढे उभी. तीन फेऱ्या बघितल्या आणि मी जवळून जाताना हळूच म्हणाली, "सीट उच्ची करा भाई, गुडघा वाकी ऱ्हायनात." खरंच होतं. पेडलवर उभं राहून, फिरता फिरताच पान्याने वर घेतली. पायांना आराम.
नाना आला पुन्हा. या वेळी ओवाळायला वहिनीला घेऊन आला. गोंड्यांकडे बघून काहीतरी म्हणणार होता, वहिनीने कोपर मारलं.
पा. टे. नाही.

१८ फेब्रुवारी
तिसरा दिवस. गुरुवारी साहेब येतात चौकशीला. ताईंना ठेवतील की काढतील, कोणालाच माहीत नाही. अर्जावर आणखी सह्या झाल्या म्हणे. शेठनी केली नाही, एवढं कळलं.
आज अकराला पुन्हा कोणी, या वेळी दुसऱ्या पाड्याकडून, धावत आलं. लांबूनच दिसलं, धोतर वर खोचलेलं, धूळ. मी लिंबापाशी होतो. बोटं आपोआप ब्रेकवर गेली. सगळे माझ्याकडे बघत होते, आता हा काय करतो.
तेवढ्यात घंटी वाजली. दवाखान्याकडून ताई आल्या, माझ्या सायकलवर, दांडीवर टांग टाकून, पिशवी हँडलला. ओट्यावरून नाही चढलेल्या, जमिनीवरूनच. त्या माणसाला कॅरियरवर बसवायला थांबल्या, डावा पाय नीट टेकून थांबल्या, आणि निघाल्या. फाटकातून उजवीकडे. माझ्याकडे बघितलंही नाही, बघायला वेळ कुठे होता.
भि.नी भोंगा बंद केला. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बरं झालं.
बोटं ब्रेकवरून काढली.
अजून चार दिवस. पा. टे. नाही.